बाजारपेठ आणि राजसत्ता : तेर ते ढोकी

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. महाराष्ट्रांतील बहुतेकांस तें गोरोबा कुंभारांचें गांव म्हणून ठाऊक असतें, आणि वारकऱ्यांच्या दृष्टीनें तेवढी ओळख पुरेशी आहे. परंतु या गांवाची आणखी एक ओळख आहे, आणि ती परदेशी खलाशांनीं करून ठेविलेली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या नौकानयनाच्या पुस्तकांत दक्षिणापथांतील दोन मोठ्या बाजारपेठांचीं नांवें येतात : एक पैठण आणि दुसरी तगर. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगरहून जाडेंभरडें कापड, नाना प्रकारची मलमल आणि इतर माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून, भडोचला जात असे. हें तगर म्हणजेच आजचें तेर, हें १९०१ सालीं जे. एफ. फ्लीट या विद्वानानें दाखवून दिलें. शिलाहार राजे तर ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी मोठ्या अभिमानानें मिरवीत असत. तेरच्या पांढरीच्या टेकाडांत सांपडलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवाच्या संग्रहालयांत आज कोणासही पाहतां येतात.

त्या ग्रीक पुस्तकांतील दोन बारीकशा नोंदी, व्यापार आणि राजसत्ता यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्यास, तगरच्या मलमलीपेक्षांही मोलाच्या वाटतील. नर्मदेच्या मुखाशीं भरती-ओहोटीचा वेग भयंकर. नवख्या तांडेलाचें गलबत तेथें हमखास रुतावयाचें. म्हणून राजाच्या चाकरींतले कोळी होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी गलबतांस वाट दाखवून बंदरांत आणीत. ही एक नोंद. दुसरी नोंद कल्याण बंदराची. एके काळीं रीतसर बाजारपेठ असलेलें हें बंदर पुढें राजाराजांच्या वैरांत सांपडलें. तेथील व्यापार अडविला गेला, आणि एखादें ग्रीक गलबत तेथें लागलेंच तर त्यावर पहारा बसवून तें भडोचकडे नेलें जाण्याचा संभव असे.

राजसत्तेचा एक चाकर गलबताला वाट दाखवितो. दुसरा त्यावर पहारा बसवितो. तगरच्या विणकराला बिचाऱ्याला यांतलें कांहींच दिसत नसे; त्याला दिसे तो फक्त परत आलेल्या गाडीवानानें आणलेला पैसा, कमी किंवा अधिक. सरकारनें व्यापारांत हात घालावा कीं घालूं नये, हा वाद मोठमोठ्या ग्रंथांतून आज कित्येक पिढ्या चालू आहे. त्या वादांतील बराचसा धुरळा या दोन चाकरांतील भेद न ओळखल्यामुळें उडालेला आहे.

जेथें राजा व्यापारी तेथें प्रजा भिकारी, ही म्हण एका पक्षाच्या तोंडीं सदैव असते. दुसरा पक्ष अडत्याच्या तराजूकडे बोट दाखवितो. आणि त्या तराजूचा इतिहास खरोखरच फारसा उजळ नाहीं. कायद्याचें नियंत्रण येण्यापूर्वीं शेतमालाच्या बाजारांत भाव कसा ठरे? अडत्या आणि खरीददार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबीत, आणि ज्याचा माल त्याला मात्र भाव सौदा तुटल्यावर कळे. वजनांत कडता धरावयाचा, हमाली आणि तोलाई कापावयाची, वर धर्मादाय म्हणून कांहीं काढावयाचें, नमुना म्हणून पसाभर उचलावयाचें. अशा रीतीनें पट्टी हातीं येईपर्यंत पोत्याचें वजनही उतरे आणि शेतकऱ्याचें तोंडही. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला, १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कायदा झाला, आणि धाराशिव ज्या निजामी मुलखांत मोडत होतें त्या हैदराबाद संस्थानानेंही १९३० सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. या कायद्यांनीं भाव ठरविला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्यांनीं रुमाल काढून टाकला. सौदा उघड्यावर आणला, तराजूवर शिक्का मारला, आणि वाद झाल्यास तो कोठें सांगावयाचा तें ठिकाण नेमून दिलें. प्रामाणिक व्यापाऱ्याचें यांत कांहींच बिघडलें नाहीं. उलट लबाड शेजाऱ्याशीं लबाडीची चढाओढ करण्याच्या दुर्दैवांतून तो सुटला. सरकारी हस्तक्षेप नांवाची जी वस्तु आहे तिचा हा उत्तम नमुना होय, आणि तो स्मरणांत ठेवूनच पुढील तक्रार ऐकावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें सास्तूरसारखें गांव उद्ध्वस्त केलें, किंवा १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामावर माणसें लोटलीं, तेव्हां मुक्त बाजाराची महती सांगत कोणी फिरलें नाहीं, आणि तें योग्यच झालें.

आतां उद्योगाच्या नेतृत्वाकडे वळावें. या जिल्ह्यांत आधुनिक अर्थानें पहिलें मोठें धाडस कोणीं केलें असेल तर तें आगगाडीवाल्यांनीं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियरनें १८९५ सालीं लंडनमध्यें बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदविली. अडीच फूट रुंदीचा रूळ, आणि कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं असा हिशेब; त्यामुळें हलक्या रुळांवरूनही भरगच्च माल नेतां येऊं लागला. १८९७ सालीं गाडी बार्शीस पोंचली आणि १९११ सालीं लातूरला. त्या वेळीं लातूर हें धाराशिव जिल्ह्याचेंच होतें. तें वेगळें झालें १९८२ सालीं. लातूरची पेठ जी भरभराटली तिच्या मुळाशीं ही चिमुकली गाडी आहे. भागीदारांचा पैसा, स्वतःची बुद्धि आणि बुडण्याची तयारी, या तिन्ही गोष्टी कॅलथ्रॉपपाशीं होत्या. परंतु खाजगी कंपनी माल जेथें आहे तेथें रूळ नेते. तिनें धाराशिव शहर वाटेंत घेतलें नाहीं. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीं आगगाडी येण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें. १९५४ सालीं सरकारनें ही कंपनी विकत घेतली होती. पुढें रुंद रूळ घालतांना, २००८ च्या सुमारास, गाडी धाराशिववरून नेली गेली. म्हणजे येथें दोघांचाही गुण आणि दोघांचाही दोष एकाच रुळावर दिसतो. सरकारला जी गोष्ट सुचण्यास उशीर लागला असता ती कंपनीनें केली, आणि जी गोष्ट कंपनीला परवडली नाहीं ती सरकारनें केली. मात्र अर्धें शतक घालवून.

साखरेच्या धंद्याची गोष्ट इतकी सरळ नाहीं. साखर कारखानदार आज सरकारी निर्बंधांविषयीं कपाळाला आठ्या घालतात. पण या देशांत हा धंदा वाढला तोच सरकारच्या मांडीवर. १९३२ सालीं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, आणि पूर्वीं सारे मिळून तीसेक असलेले कारखाने चारपांच वर्षांत शंभरावर गेले. बड्या भांडवलदारांचा व्यवहार एकंदरींत असाच राहिलेला आहे. १९४४ सालीं टाटा, बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास प्रभृति धुरीणांनीं जी ‘मुंबई योजना’ प्रसिद्ध केली, तिच्यांत सरकारी नियंत्रणाची आणि सरकारी खर्चाची मागणी खुद्द उद्योगपतींनींच केलेली आहे. त्या योजनेवर सही करणारे ए. डी. श्रॉफ यांनींच पुढें १९५६ सालीं मुक्त उद्योगाचा पुरस्कार करणारी संस्था काढली. माणसाचें मत बदलूं नये असें नाहीं. पण जकात हवी तेव्हां राष्ट्रहित आणि निर्बंध आला कीं स्वातंत्र्य, ही भाषा ऐकून सामान्य माणसाच्या मनांत ‘मुक्त बाजार’ या शब्दाविषयीं संशय उत्पन्न झाला असेल तर दोष त्याचा नव्हे.

सहकारानें या प्रश्नाला तिसरें वळण दिलें. १९५० सालीं प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्या धर्तीवर पुढें मराठवाड्यांतही कारखाने निघाले. तेरपासून थोड्याच अंतरावर ढोकी येथें तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आसपासच्या शेंकडों खेड्यांच्या उसाला आणि पुष्कळशा घरांच्या चुलीला त्याचा आधार झाला. कल्पना उदात्त होती : ऊस ज्याचा, कारखानाही त्याचाच. पण या मांडणींत एक बारीक भोंक राहून गेलें. भाग शेतकऱ्याचा, हमी सरकारची, कर्ज जिल्हा बँकेचें, आणि निर्णय अध्यक्षांचा. अध्यक्ष बहुधा राजकारणांतले; आज कारखान्याच्या कचेरींत, उद्यां विधानसभेंत. नियम करणारा आणि नियम पाळणारा एकच झाला म्हणजे नियमाला कोण विचारतो? कारखाना चालला तर अध्यक्षांचें नांव होतें. बुडाला तर ऊसवाल्याचें बिल, कामगाराचा पगार आणि ठेवीदाराची ठेव बुडते. ढोकीच्या कारखान्याचीं धुराडीं अनेक हंगाम थंड राहिलीं आणि अखेर तो भाड्यानें दुसऱ्या उद्योगाच्या हातीं द्यावा लागला. या दुर्दशेचा दोष कोणा एकाच्या माथीं मारण्याचें कारण नाहीं. दुष्काळ होते, साखरेचे पडलेले भाव होते. परंतु स्वतःचें दिवाळें निघण्याचें भय ज्याला नाहीं त्याला उद्योगाचा नेता म्हणावें काय, हा प्रश्न सहकाराच्या हितचिंतकांनीं कधींच नेटानें विचारला नाहीं, हें मात्र कठोरपणें म्हणावें लागतें.

याच जिल्ह्यांत, कळंब तालुक्यांत रांजणी येथें, दुसरा प्रयोग झाला. १९९८ सालीं साखर धंद्यांतील परवान्याची अट केंद्र सरकारनें काढून टाकली, आणि सहकारी कारखानदारींत अनुभव घेतलेल्या बी. बी. ठोंबरे यांनीं शेतकऱ्यांचें भांडवल घेऊनच, पण कंपनीच्या कायद्याखालीं, ‘नॅचरल शुगर’ उभी केली. खाजगी कारखाना म्हणजे पिळवणूक, असें मानणाऱ्या मुलखांत हें धाडसच होतें. साखरेबरोबर वीज आणि मद्यार्क यांचा जोडधंदा तेथें उभा राहिला. येथें वर्णनाचा हेतु कोणा एका कारखान्याची जाहिरात करावी असा नाहीं. सांगावयाचें तें एवढेंच कीं, सरकारनें एक कागद फाडला, आणि तेवढ्यानेंच या दुष्काळी तालुक्यांत एका कारखान्याची जागा झाली. किती कागद असे फाडावयाचे राहिले आहेत याची यादी लांब आहे. दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटरचें हवाई अंतर असलेंच पाहिजे, हा महाराष्ट्रांतील नियम त्यांतलाच एक. हवेंतून ऊस जात नाहीं. पण कायदा हवेंतून मोजतो. या नियमानें जुन्या कारखान्याला हक्काचा ऊस मिळतो आणि ऊसवाल्याला हक्काचा दुसरा गिऱ्हाईक मिळत नाहीं.

सरकारचे हुकूम एकट्यानें आले तर सोसवतात. पण ते जोडीनें येतात आणि एकमेकांशीं भांडतात. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार दरवर्षीं ठरवितें. २०१८-१९ सालीं तो क्विंटलला २७५ रुपये होता, २०२५-२६ साठीं ३५५ ठरला. हें योग्यच, खत, मजुरी, डिझेल सारेंच वाढलें. पण साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्यें किलोला ३१ रुपये ठरविला गेला आणि पुढें कित्येक हंगाम तो तेथेंच उभा राहिला. बाजारांत साखर त्याहून महाग विकली जाई, तेव्हां तो आंकडा कोणाच्या ध्यानांतही नसे. भाव पडूं लागला म्हणजे मात्र आधार म्हणून हात टेकावयास जावें तर जमीन फार खालीं गेलेली. दरम्यान कारखान्यांनीं मद्यार्काचे प्रकल्प उभारावेत म्हणून सरकारनेंच २०१८ पासून कर्जाच्या व्याजांत सवलत दिली. कारखान्यांनीं कर्जें काढलीं, यंत्रें बसविलीं. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजीं, ऐन गळिताच्या हंगामांत, उसाच्या रसापासून इथेनॉल करूं नये असा हुकूम निघाला. आठवड्याभरानें तो थोडा सैल झाला. पुढल्या वर्षाच्या ऑगस्टांत उठला. साखर महाग होईल ही भीति खरी असेल. शहरांतील गृहिणीच्या चहाची काळजी सरकारनें करावी, यांतही गैर कांहीं नाहीं. पण ज्या हातानें गलबताला वाट दाखवून खाडींत आणावें, त्याच हातानें मध्येंच त्यावर पहारा बसवावा, हा प्रकार भडोचच्या राजानेंही केल्याचें लिहिलेलें नाहीं.

साखर ही तरी संघटितांची वस्तु आहे. कारखानदार दिल्लीस जातात, मंत्र्यांस भेटतात. जिरायत रानांत सोयाबीन पेरणाऱ्याला कोण भेटावयास जातो? आणि धाराशिव जिल्ह्याचें खरिपाचें मुख्य पीक आज हेंच आहे. ज्वारी, तूर, उडीद यांच्या रानांत तें पसरलें. कारण शंभर-एक दिवसांत हातीं येतें, रोख पैसा देतें, आणि लातूरच्या तेलगिरण्या जवळ आहेत.

२०२१ च्या ऑगस्टांत सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेला. शेतकऱ्याच्या घरीं त्या वेळीं दाणा उरलेला नव्हता, पण उभें पीक होतें आणि डोळ्यांपुढें स्वप्न होतें. कोंबड्यांचें खाद्य महागलें म्हणून कुक्कुटपालन धंद्याच्या धुरीणांनीं सरकारकडे धांव घेतली, आणि सरकारनें बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणण्यास मोकळीक दिली. नवें पीकही त्याच सुमारास बाजारांत येऊं लागलें, आणि ऑक्टोबरपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. त्या डिसेंबरांत आणखी एक गोष्ट झाली. सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदेबाजार एका वर्षासाठीं बंद करण्यांत आले, आणि ती बंदी वर्षामागून वर्ष वाढविली गेली. वायदेबाजारांत सट्टेबाज असतात हें खरें. पण चार महिन्यांनीं काय भाव असेल याचा थोडाफार अंदाज देणारा तेवढाच एक दिवा होता; चोर उजेडांत चोरी करतात म्हणून दिवाच विझविण्यांत आला.

खाद्यतेलावरील जकातीची कथा तर याहून बोलकी आहे. आपण खातों त्या तेलाचा मोठा हिस्सा परदेशांतून येतो. त्यावरील जकात उतरली कीं शहरांत तेल स्वस्त होतें आणि लातूरच्या गिरणींत सोयाबीनची किंमत उतरते. २०२२ ते २०२४ या काळांत कच्च्या सोयातेलावर एकूण जकात शेंकडा साडेपांच एवढीच होती. पुढें १४ सप्टेंबर २०२४ पासून मूळ जकात शेंकडा वीसवर नेण्यांत आली. चांगली गोष्ट झाली. पण त्या हंगामांत ४,८९२ रुपये आधारभूत भाव जाहीर असतांना उघड्या बाजारांत चार हजार ते सव्वाचार हजारांच्या मागेंपुढें सौदे होत राहिले. सरकारी खरेदी केंद्र उघडलें, तर ओलावा शेंकडा बारांहून अधिक म्हणून माल परत. नोव्हेंबरांत, राज्यांतील निवडणुकीचें मतदान तोंडावर आलें असतां, ही मर्यादा पंधरावर नेण्यांत आली. मग बारदाना संपला म्हणून कांटा थांबला. ज्याच्यापाशीं थांबण्याची ऐपत होती तो थांबला. ज्याला रब्बीच्या पेरणीसाठीं बियाणें घ्यावयाचें होतें, त्यानें मिळेल त्या भावानें अडत्याच्या ओट्यावर पोतीं रिकामीं केलीं. आणि अशा वेळीं तो अडत्याच वाईट ठरतो! वस्तुतः त्या दिवशीं रोख पैसे मोजणारा तेवढा एकच माणूस गांवाच्या आसपास होता.

यावर उपाय म्हणून सारी खरेदी सरकारनेंच करावी, असें सुचविणारे लोक आहेत. त्यांनीं कापसाची आठवण करावी. १९७२ पासून महाराष्ट्रांत कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. दुसऱ्या कोणास कापूस विकणें हा गुन्हा ठरला. आणि शेजारच्या राज्यांत भाव बरा असला म्हणजे गाड्या रात्रीच्या अंधारांत सीमा ओलांडीत. स्वतःच्या रानांत पिकविलेला कापूस विकण्यासाठीं शेतकऱ्यास चोरासारखें जावें लागलें, आणि राज्याच्या तिजोरीस शेवटीं तोटाच सोसावा लागला. शरद जोशी यांनीं शेतकरी संघटनेच्या द्वारा जी मागणी आयुष्यभर लावून धरली, ती याच अनुभवांतून समजते. सरकारनें दान द्यावें असें त्यांचें म्हणणें नव्हतें. सरकारनें भाव पाडूं नये, असें होतें. बाजारावरील त्यांचा विश्वास कांहींसा भाबडा होता, असें म्हणतां येईल. रुमालाखालच्या बोटांचा विसर पडूं देऊन चालत नाहीं. पण सरकारचा हात नेहमीं खाणाऱ्याच्या बाजूनें आणि पिकविणाऱ्याच्या विरुद्ध पडतो, ही त्यांची तक्रार धाराशिवच्या सोयाबीनवाल्यानें तरी खोटी ठरविलेली नाहीं.

मग मागणी तरी काय करावयाची? जकात शून्य असावी कीं वीस, हा वादाचा विषय आहे. विद्वानांनीं तो खुशाल वाढवावा. पेरणी जूनमध्यें होते आणि रास ऑक्टोबरांत पडते. या चार महिन्यांत, आणि त्यानंतरच्या विक्रीच्या तीन-चार महिन्यांत, जकात, निर्यातबंदी, साठ्याची मर्यादा यांपैकीं कशालाही हात लावूं नये, आणि लावावयाचा असेल तर तो पेरणीपूर्वीं पुरेसा अवधि देऊन लावावा, एवढी मागणी कोणत्याही अर्थशास्त्राला मान्य व्हावी. व्यापाऱ्यालाही तीच हवी आहे आणि गिरणीवाल्यालाही. रातोरात हुकूम निघण्याचें भय असलें म्हणजे साठा करण्याची हिंमत कोणी करीत नाहीं. साठा करणारा नसला कीं सुगीच्या दिवसांत भाव कोसळतो. आणि तो कोसळला कीं पुन्हां सरकारी खरेदीचा गलका सुरू होतो. उद्योगाच्या धुरीणांनीं परिषदांतून मुक्त अर्थव्यवस्थेवर व्याख्यानें देण्याऐवजीं ही एक साधी मागणी एकजुटीनें केली असती, तर त्यांच्या स्वातंत्र्यप्रेमावर शेतकऱ्याचा कांहीं विश्वास बसला असता. पण पेंड स्वस्त हवी तेव्हां एक धंदा दिल्लीस जातो, तेल महाग हवें तेव्हां दुसरा जातो, आणि प्रत्येक जण आपल्यापुरता पहारेकरी मागून आणतो.

२८ मे २०२५ रोजीं केंद्र सरकारनें सोयाबीनचा आधारभूत भाव ४३६ रुपयांनीं वाढवून ५,३२८ केला. त्यानंतर दोनच दिवसांनीं, ३० मे रोजीं, कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात शेंकडा वीसवरून दहावर आणण्यांत आली. धाराशिव जिल्ह्यांतील खरिपाची पेरणी त्या वेळीं तोंडावर आलेली होती.